इटालीय झारी आणि मराठवाड्याची पांढर

युरोप-अमेरिकेतील बहुतेक मोठ्या वस्तुसंग्रहालयांत काळ्या रंगाची एक मातीची झारी पाहावयास मिळते. तिची उंची वीतभर किंवा किंचित अधिक, पोट गोलसर आणि मूठ एकच, तीही काठाच्या वर उचललेली. तोंड मात्र वर्तुळाकार नसून कुंभाराने ते ओले असतानाच दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी दाबलेले असते. त्यामुळे त्यास तीन पाकळ्यांचा आकार येतो आणि मधल्या पाकळीतून द्रव पदार्थ बारीक धारेने ओतता येतो. ग्रीक भाषेत अशा पात्रास ‘ओइनोखोए’, म्हणजे मद्य ओतण्याचे पात्र, असे नाव होते. शेजारच्या चिठ्ठीवर पुष्कळदा एवढाच मजकूर असतो : इटालीय, इ. स. पू. ६ वे शतक, प्राप्तिस्थान अज्ञात. या चिठ्ठीतील शेवटचे दोन शब्द हाच प्रस्तुत लेखाचा खरा विषय होय. इटलीत घडलेली पात्रे दक्षिणापथापर्यंतही येऊन पोहोचली होती. ज्या मार्गाने ती आत आली त्याचा एक मोठा टप्पा आजच्या बीड जिल्ह्यातून जात असला पाहिजे. म्हणून परदेशातील या झारीची कथा आपणास परकी नाही.

प्रथम पात्राविषयी. रोमची सत्ता सर्व इटलीवर पसरण्यापूर्वी त्या द्वीपकल्पात अनेक लोकसमूह नांदत होते आणि प्रत्येकाची मृद्‌भांडी घडविण्याची रीत निराळी होती. मध्य इटलीतील एट्रुस्कन लोकांची ‘बुकेरो’ या नावाने ओळखली जाणारी काळी भांडी त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. इ. स. पू. ७ व्या शतकात, विशेषतः आजच्या चेर्वेतेरी या गावाच्या परिसरात, या भांड्यांचा उत्कर्ष झाला. त्यांचा काळा रंग वरून फासलेला नाही. भट्टीत हवेची वाट बंद केली, म्हणजे मातीतील लोहाच्या तांबड्या क्षाराचे काळ्या क्षारात रूपांतर होते, धुरातील कोळसाही अंगात मुरतो आणि भांडे आतून-बाहेरून काळे निघते. आपल्याकडील कुंभारांना ही युक्ती अपरिचित नाही. सातवाहनकालीन पांढरीत विपुल आढळणारी काळी-तांबडी भांडी, ज्यांचा आतला भाग व काठ काळा आणि बाहेरचे अंग तांबडे असते, ती याच तत्त्वाच्या अर्धवट उपयोगाने सिद्ध होतात. इटलीतील कुंभाराने सगळे भांडे धुरात कोंडले, आपल्या कुंभाराने निम्मेच, एवढाच काय तो भेद.

अशी झारी मृताबरोबर थडग्यात ठेवीत. दगडात कोरलेल्या त्या थडग्यांतून ती बाहेर कशी आली, हे पाहू लागले म्हणजे कथेचे स्वरूप पालटते. १७६४ साली सर विल्यम हॅमिल्टन हे ब्रिटनचे वकील म्हणून नेपल्सच्या दरबारी दाखल झाले आणि त्यांनी थोड्याच वर्षांत चित्रित मृद्‌भांड्यांचा प्रचंड संग्रह जमविला. १७७२ साली तो ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. त्या काळी इटलीच्या भूमीत मिळालेले प्रत्येक चित्रित भांडे एट्रुस्कनच, असा समज दृढ होता. इतका, की जोसाया वेजवूड या प्रसिद्ध भांडी-कारखानदाराने १७६९ साली आपल्या नव्या कारखान्यास ‘एट्रुरिया’ असे नाव दिले. पुढे ध्यानात आले की, त्यांतील बरीच भांडी ग्रीक हातची होती : काही ग्रीसहून आलेली, काही दक्षिण इटलीतील ग्रीक वसाहतींत घडलेली. थडग्यातील स्थान, शेजारच्या वस्तू आणि शवाची मांडणी यांची नोंद त्याच वेळी झाली असती, तर हा उलगडा होण्यास इतका विलंब लागता ना. हॅमिल्टन यांच्या दुसऱ्या संग्रहाचा काही भाग इंग्लंडकडे जात असता १७९८ साली सिली बेटांजवळ ‘कोलोसस’ जहाजाबरोबर बुडाला, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.

काळ्या साध्या झारीच्या वाट्याला तर याहून वाईट दशा आली. वुल्ची येथील थडगी १८२८ पासून नेपोलियनचा भाऊ ल्यूसियन बोनापार्ट याच्या जहागिरीत उकरली जात होती. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने ते काम चालू ठेवले. जॉर्ज डेनिस या इंग्रज प्रवाशाने १८४८ साली प्रसिद्ध केलेल्या एट्रुरियाविषयक ग्रंथात तेथील एक दृश्य नोंदविले आहे. मजूर थडग्यातून भांडी बाहेर काढीत, त्यांवर चित्र नाही असे दिसताच ती जमिनीवर आपटीत आणि पायाखाली चिरडीत. चित्रित भांड्यास बाजारात किंमत होती, साध्या काळ्या भांड्यास नव्हती, एवढेच त्याचे कारण. आज संग्रहालयातील काळ्या झारीकडे पाहताना हे ध्यानात ठेवणे बरे, की ती उरली ती कोणाच्या विवेकामुळे नव्हे, योगायोगामुळे.

विसाव्या शतकात कायदे कडक झाले तरी लोभ कमी झाला नाही. १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने युफ्रोनिओस या अथेन्सच्या चित्रकाराने रंगविलेले एक मद्यमिश्रणपात्र दहा लक्ष डॉलर देऊन खरेदी केले. त्याच्या पूर्वेतिहासाविषयी सांगितलेली हकीकत टिकली नाही. ते चेर्वेतेरीच्या थडग्यातून चोरून काढले गेले होते असा निष्कर्ष निघाला आणि २००८ साली ते इटलीस परत करावे लागले. पात्र परत आले खरे, परंतु ज्या थडग्यातून ते निघाले तेथे त्याच्या शेजारी काय होते, हे कोणताही करार परत आणू शकत नाही.

आता दक्षिणापथाकडे वळू. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एका ग्रीक भाषक नाविकाने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ सर्वश्रुत आहे. बरिगाझा, म्हणजे भडोच, या बंदरात कोणता माल खपतो ते सांगताना तो प्रारंभीच मद्याचा उल्लेख करतो आणि त्यांत इटलीच्या मद्यास अग्रमान देऊन लाओडिकिया व अरबस्तान येथील मद्ये त्याच्या मागे घालतो. हाच ग्रंथकार पुढे सांगतो की, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे. तगरहून जाडेभरडे कापड, तलम मलमल व इतर माल गाड्यांतून अवघड वाटांनी भडोचला जाई.

तगर म्हणजे कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात पुष्कळ वाद झाला. शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, तेव्हा प्रश्न केवळ ग्रीक ग्रंथापुरता नव्हता. कोणी देवगिरी, कोणी जुन्नर, कोणी गुलबर्गा सुचविले. ग्रँट डफ यांची दृष्टी बीडच्या आसपासच्या प्रदेशावर होती, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी त्या वेळच्या निजामाच्या राज्यातील धारूरचे नाव पुढे केले. १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील, तेरणा नदीकाठचे तेर, असे सप्रमाण प्रतिपादन केले. हेन्री कझेन्स यांनी तेथील प्राचीन विटांच्या मंदिराचा व टेकाडांचा वृत्तान्त प्रसिद्ध केल्यावर हा प्रश्न बहुतांशी निकालात निघाला. बीड जिल्ह्याचा तगरावरील हक्क गेला हे खरे. परंतु नकाशा पुढे ठेवला म्हणजे दुसरी गोष्ट डोळ्यांत भरते. पैठण गोदावरीच्या उत्तर तीरावर आणि तेर तेथून सुमारे दीडशे किलोमीटर आग्नेयेस. या दोहोंमधील सरळ रेषा गोदावरी ओलांडून गेवराईच्या सपाटीत उतरते, सिंदफणा व बिंदुसरा यांच्या खोऱ्यांतून बालाघाटाचा चढ चढते आणि केजच्या बाजूने मांजरेपर्यंत येते. गाड्यांचा मार्ग रेषेसारखा सरळ नसतो, हे मान्य. तरी दहा दिवसांच्या वाटेतील बहुतेक मुक्काम याच जिल्ह्याच्या भूमीवर पडले असले पाहिजेत. माल जेथे उतरे तेथे भांडी फुटत, आणि फुटलेले भांडे कोणी बरोबर नेत नाही.

महाराष्ट्रात मिळालेल्या इटालीय पात्रांत सर्वांत देखणे पात्र मातीचे नसून ब्राँझचे आहे. कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचे टेकाड आहे. तेथे १९४४-४५ मध्ये प्रा. के. जी. कुंदनगार यांच्या खोदकामात धातूच्या वस्तूंचा एक मोठा निधी हाती आला. त्यात समुद्रदेव पोसायडन याची लहानशी उभी मूर्ती होती, ग्रीक पुराणकथेतील पर्सियस व अँड्रोमेडा यांचे चित्र असलेली उठावाची चकती होती, इटालीय घडणीच्या झाऱ्या होत्या, आणि त्यांच्याच सोबत स्वार बसलेला हत्ती व आरसे यांसारख्या एतद्देशीय वस्तूही होत्या. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे शास्त्रीय उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. १९६० साली कार्ल खंडालावाला यांनी या निधीचा पुन्हा विचार केला आणि १९९१ साली रिचर्ड द पुमा यांनी त्यातील रोमन वस्तूंची इटलीत, विशेषतः व्हेसुव्हियसच्या परिसरात, मिळालेल्या पात्रांशी बारकाईने तुलना केली. हा निधी कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे.

येथे संग्रहाच्या इतिहासाचे महत्त्व स्पष्ट होते. न्यूयॉर्कच्या पात्रापेक्षा कोल्हापूरच्या झारीची किंमत बाजारात कदाचित फारच कमी ठरेल, परंतु इतिहासाच्या दृष्टीने ती कितीतरी अधिक बोलते. ती कोणत्या टेकाडातून निघाली, तिच्यासोबत काय होते आणि त्या टेकाडाच्या स्तरांत सातवाहनकालीन वस्ती कशी होती, हे आपणास माहीत आहे. तीच झारी गुजरीतील एखाद्या सराफाकडून विकत घेतलेली असती, तर ती कोणा गोऱ्या अधिकाऱ्याने इंग्लंडहून आणली नसेल कशावरून, ही शंका कायमची राहिली असती. तरीही काही प्रश्न उरतातच. हा निधी एखाद्या व्यापाऱ्याच्या दुकानातील माल होता, श्रीमंताच्या घरची भांडी होती, की तांबटाने वितळविण्यासाठी जमविलेली मोड? या तीन उत्तरांतून रोमशी असलेल्या संबंधाची तीन वेगळी चित्रे उभी राहतात. निर्णय पात्राच्या सौंदर्यावरून होणार नाही. जवळ मूस होती काय, राख होती काय, वस्तू मोडलेल्या होत्या की धडक्या, अशा सामान्य बाबींवरून तो व्हावयाचा.

तेरची गोष्ट याहून निराळी व, आम्हांस वाटते, अधिक आपलेपणाची आहे. संत गोरोबा कुंभारांचे हे गाव. मातीच्या भांड्यांसाठी त्यास याहून उचित परंपरा ती कोणती असावी? येथील रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या टेकाडांवर, पावसाने उघड्या पडलेल्या व लोकांच्या हाती लागलेल्या वस्तू वर्षानुवर्षे जमविल्या. त्यांत मणी, नाणी, केओलीन मातीच्या मूर्ती, दिवे आणि रोमन नाण्यांच्या नमुन्यावर मातीत उठविलेल्या, गळ्यात बांधण्याच्या चकत्या असे हजारो नग होते. हा संग्रह आता शासनाच्या ताब्यात असून तेर येथील वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. हॅमिल्टन व लामतुरे या दोघांनीही उत्खननावाचूनच संग्रह केला. फरक असा की, एकाने वस्तू तिच्या भूमीपासून दूर नेली आणि दुसऱ्याने ती जेथे सापडली त्याच गावात ठेवली. त्यामुळे लामतुरे-संग्रहातील वस्तूचा स्तर जरी निश्चित नसला, तरी तिचे गाव तरी हरवले नाही. १९५८ साली चापेकर यांनी आणि पुढे इतरांनी तेर येथे उत्खनने केली, तेव्हा स्तरांतून मिळालेल्या वस्तूंशी या संग्रहाची तुलना करणे शक्य झाले, ते याच कारणाने.

आता प्रत्यक्ष मातीच्या इटालीय पात्राकडे. मद्य झारीतून ओतीत, परंतु जहाजातून येई ते उंच, निमुळत्या बुडाच्या, दोन मुठींच्या कुंभांतून. त्यांस ‘अँफोरा’ म्हणतात. अशा कुंभांची खापरे नेवासे येथे १९५४ ते १९५६ च्या उत्खननांत डॉ. सांकलिया, डॉ. शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांस मिळाली आणि १९६० च्या अहवालात प्रसिद्ध झाली. नेवासे प्रवरेच्या काठी, पैठणहून फार दूर नव्हे. त्या काळी अशी खापरे कोठेही मिळाली की ती रोमन, हे समीकरण रूढ होते. आतून काळा लेप असलेले जाड खापर म्हणजे रोमन मद्यकुंभ, एवढ्यावर अनेकांचे समाधान होई.

या समीकरणाची फेरतपासणी विदुषी रॉबर्टा टॉम्बर यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी केली. भारतातील अनेक उत्खननांची खापरे त्यांनी संग्रहालयांत व विद्यापीठांत जाऊन हाती घेतली. त्यांपैकी काही खरोखरच इटलीची, नेपल्सच्या आखाताच्या परिसरातील निघाली, काही पूर्व भूमध्यसमुद्रातील इतर प्रदेशांची. परंतु पुष्कळशी रोमन नव्हतीच. ती मेसोपोटेमियातील ‘टॉर्पेडो’ कुंभांची होती. या कुंभांना मुठी नसतात, बूड निमुळते असते आणि आतून डांबराचा लेप असतो. त्यांचा प्रघात पार्थियन काळापासून थेट इस्लामच्या प्रारंभीच्या शतकांपर्यंत चालू होता. तात्पर्य, पहिल्या शतकातील म्हणून दाखविलेले एखादे खापर प्रत्यक्षात पाच-सात शतके अलीकडचेही असू शकते, आणि ज्या व्यापाराचे श्रेय आपण रोमला दिले तो इराणी आखाताशी चाललेला असू शकतो.

ही सुधारणा शक्य झाली याचे कारण, ती कुरूप खापरे कोणीतरी फेकून दिली नव्हती. खंदक, स्तर व खोली यांची नोंद करून ती पेट्यांत ठेवली होती. दक्षिणेतील अरिकमेडूचेही उदाहरण येथे देण्याजोगे आहे. १९४४ साली मॉर्टिमर व्हीलर यांस मद्रासच्या संग्रहालयातील एका कपाटात अँफोराचे खापर दिसले. त्याचा माग काढीत ते पाँडिचेरीस गेले आणि १९४५ च्या उत्खननात तेथे इटलीतील अरेझो येथील, कुंभाराचे ठसे असलेली तांबडी भांडी निघाली. एका ठशामुळे कालाचा एक पक्का खुंटा मिळाला. पुढे विमला बेगले यांनी १९८९ ते १९९२ या काळात तेथेच पुन्हा खोदून व्हीलर यांच्या कालगणनेत दुरुस्ती सुचविली. तीही पूर्वीच्या नोंदी उपलब्ध होत्या म्हणूनच.

बीड जिल्ह्याची स्थिती यांहून चिंताजनक आहे. नेवासे, पैठण, तेर व भोकरदन यांची नावे अहवालांत आली. त्यांच्यामधील मुक्कामांची गावे मात्र बहुतांशी अबोल आहेत. आपल्या भाषेत गावाचे दोन भाग, काळी व पांढरी. काळी म्हणजे शेतीची भूमी, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांच्या भिंती, राख, शेण व कचरा मिसळून झालेली ही भुरी माती माळवदावर घालण्यास उत्तम, पाणी धरत नाही आणि शेतातही खतासारखी उपयोगी पडते. म्हणून गाडीच्या गाड्या भरून ती पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली. बैलगाडीच्या काळात टेकाडाचा कडा वर्षाला थोडासा मागे सरे. आता यंत्राने सबंध टेकाड काही दिवसांत नाहीसे होते. यात गुन्हेगारी वृत्ती नाही, नित्याची गरज आहे, आणि म्हणूनच केवळ कायद्याने ती आवरण्यासारखी नाही. १८७८ च्या भूमिगत निधीविषयक अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. त्यामुळे नाण्यांचे मडके तरी क्वचित कचेरीत पोहोचते. मडके मात्र वाटेतच गळते, कारण खापराचे मोल दहा पैसेही कोणी करीत नाही. वुल्चीच्या मजुरांचा हिशेबही हाच होता.

या कामी गावोगावचे शिक्षक व विद्यार्थी यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. गेवराई, माजलगाव, बीड, केज व धारूर या तालुक्यांतील पांढरींवर, विशेषतः पावसाळ्यानंतर कडे ढासळतात तेव्हा, काय पाहावे याची थोडी कल्पना देणे इष्ट आहे. खणू मात्र कोणी नये. पृष्ठभागावर पडलेलेच पाहावे. मूठ मिळाल्यास ती नीट पाहावी. दोन गोल दांड्या एकमेकींस जोडून केल्यासारखी मूठ हे इटलीत व पूर्व भूमध्यसमुद्राच्या काठी घडलेल्या एका विशिष्ट मद्यकुंभाचे लक्षण आहे आणि तशी मूठ आपल्याकडील भांड्यांस नसते. मोडलेल्या कडेवर चकाकणारे काळे बारीक कण दिसल्यास ती व्हेसुव्हियसच्या परिसरातील वाळू असू शकते. परंतु येथे उतावीळ होऊ नये. आपला सारा प्रदेशच काळ्या पाषाणाचा असल्याने स्थानिक मातीतही तसलेच कण येतात, आणि त्यांतील भेद खापराचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून कळत नाही. आतल्या बाजूस काळा चिकट लेप असेल, तर तो खरवडू अथवा धुऊ नये. तो झाडाच्या राळेचा आहे की खनिज डांबराचा, यावरच ते खापर भूमध्यसमुद्राकडचे की मेसोपोटेमियाचे याचा निर्णय मुख्यतः अवलंबून असतो. जाड बुडाचा निमुळता तुकडा मिळाल्यास त्याचीही नोंद घ्यावी.

नोंदीत गावाचे नाव, पांढरीस गावकरी ज्या नावाने ओळखतात ते नाव, नदीपासूनचे अंतर, तुकडा टेकाडाच्या माथ्यावर होता की कड्याच्या पायथ्याशी, आणि तारीख एवढे असावे. तुकडा जागेवर असतानाच, शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याचे छायाचित्र घ्यावे. पांढरीची माती कोणत्या बाजूने व किती वर्षांपासून नेली जात आहे, हे गावातील वृद्धांस विचारून लिहून ठेवल्यास फार उपयोग होतो. कारण कड्याच्या पायथ्याशी पडलेले खापर मूळचे कोणत्या थरातले, याचा अंदाज पुष्कळदा त्या एका माहितीवरूनच बांधता येतो.